वनाचा कागद

आबांनी मरायची तयारी सुरू केली तेव्हा पहिला फोन मला केला, कारण आमच्या खानदानात पंचिंग मशीन फक्त माझ्याकडे आहे.

मी धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत अभिलेख कक्षात सव्वीस वर्षं काढली आहेत. लोक देवाला भितात, मी सुट्या कागदाला भिते. नावात एक काना कमी म्हणून माघारी गेलेल्या विधवा मी पाहिल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या काही मीच पाठवल्या आहेत. नियम मी केलेला नाही, पण शिक्का माझ्या हातात होता. त्यामुळे आबा फोनवर म्हणाले, "दिपा, मी आते चालनू. कागदं नीट लाई दे," तेव्हा मी रडले वगैरे नाही. शनिवारी सकाळी धुळ्यातल्या देवपुरातल्या माझ्या घरून निघाले, वाटेत स्टेशनरीच्या दुकानातून बारा फाइली घेतल्या आणि साडेदहाला गावात पोचले.

गाव शिरपूरहून आत, सातपुड्याच्या अंगाला. आबांच्या किडन्या गेल्या होत्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी डायलिसिस सुचवलं, आबांनी हात जोडले, डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले. माझा धाकटा भाऊ प्रेमराज शेती पाहतो, गावातच राहतो. कागद दिसला की तो घाबरून दुसरं काम काढतो. तो ट्रंक ओट्यावर आणून ठेवून म्हशीकडे निघून गेला.

ट्रंकेत काय नव्हतं? एकोणऐंशी सालापासूनची लाइट बिलं होती. हरवलेल्या छत्रीची पावती होती. जन्मभर पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून कालव्यावर फिरलेला माणूस, पाणीपाळीची जुनी कोष्टकं त्याने घडी घालून जपली होती. मात्र पेन्शनचा आदेश मिक्सरच्या वॉरंटी कार्डात गुंडाळलेला सापडला. मी चार शनिवार बसले. शेताची फाइल हिरवी, घराची पिवळी, पेन्शनची निळी, दवाखान्याची पांढरी. कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवली: काय कुठे आहे, कोणाला कळवायचं, किती प्रती लागतील. मृत्युपत्रही टाइप करून आणलं. शेत प्रेमराजला, घर दोघांत. साक्षीदार ठरले. सही तेवढी बाकी होती.

"झालं, आबा," मी म्हटलं. मी देवपूरची झाल्यापासून घरात मराठीच बोलते आणि आबा अहिराणीत; कोणाचं काही अडत नाही.

आबांनी यादी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "एक कागद ऱ्हाई गया."

"कोणता?"

"मना."

मी फायलींकडे हात केला. सगळे त्यांचेच तर होते.

"हाई बठ्ठं अमृतनं शे," आबा म्हणाले. "वना कोठे शे यामा?"

आता हे सांगायला हवं. घरात ते कोणाच्या तोंडून फारसं निघत नाही, पण गावातल्या म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक आहे.

आबांचं नाव वना. अमृत त्यांचा थोरला भाऊ, तीन वर्षांनी मोठा. अमृतला शाळेत घातलं, गुरुजींनी जन्मतारीख एक जून बेचाळीस टाकली, आणि पुढच्या वर्षी पावसाळ्यात हगवण लागून पोरगा गेला. सात वर्षांचा होता. गुरुजी तिसऱ्या दिवशी सांत्वनाला आले. शाळेच्या पटावर मोजून वीस पोरं होती. एकोणीस झाली की शाळा बंद होणार असं गुरुजींनी कुठून तरी ऐकलं होतं. उठता उठता त्यांची नजर आईच्या मांडीवरच्या चार वर्षांच्या वनावर गेली. "हा येईल तर नाव काटायची गरज नाही," ते म्हणाले. माझी आजी, ताईबाई, रडून रडून बधीर झाली होती. तिने मान हलवली. दिवाळीनंतर वना शाळेत जाऊन अमृतच्या जागेवर बसला. शाळा वाचली.

तिथून पुढे सगळं अमृत. दाखला अमृत, नोकरी अमृत, सातबारा, आधार, मतदान सगळं अमृत. खात्यात आबा कानाने मंद म्हणून प्रसिद्ध होते, कारण साहेबांनी "अमृत" अशी हाक मारली की ओ द्यायला त्यांना एक क्षण लागायचा. ते तीन वर्षं आधी निवृत्तही झाले. घरात मात्र ते वनाच राहिले. आजी तर मुद्दाम मोठ्याने हाक मारायची. कालव्यावरून जीप आली, आत साहेब बसलेले असले, तरी ही दारातून "वनाऽ" करायची. मला लहानपणी वाटायचं, बाईला रीतभात नाही.

"मी मरसू तवय वना मरना आसं लिखजो," आबा म्हणाले.

प्रेमराज दारात उभा होता. त्याचा चेहरा पडला. "आबा, वना मरना तर अमृत जित्ताच ऱ्हाई. मंग सातबारावरनं नाव कसं निंघी?"

कागदाला भिणारा माझा भाऊ त्या दिवशी माझ्याहून बरं बोलला. मी तेच जरा ऑफिसच्या भाषेत सांगितलं. वना नावाचा माणूस सरकारदरबारी जन्मलेलाच नाही, तर मरेल कसा? आणि अमृत एकोणपन्नास साली वारला असं आज नोंदवायला गेलो, तर चौतीस वर्षं पगार कोणी घेतला ते विचारतील. मी सगळं मुद्देसूद सांगितलं. आबा ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी मृत्युपत्र माझ्याकडे सरकवलं, सही न करता.

मला राग आला. चार शनिवार घातले होते मी. एवढं आयुष्य त्या नावावर काढलं, पेन्शन खाल्ली, आणि आता शेवटच्या सहीला माणूस अडून बसला. मी तसं बोललेही. आबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाटनी वहीमा मनं नाव शे. मायनी सांगेल शे."

आमच्या समाजाचे भाट असतात. दहा-बारा वर्षांनी एकदा हिवाळ्यात येतात, लांबोडकी वही सोडतात, पिढ्या वाचून दाखवतात, नवीन जन्म-मरणं लिहून घेतात, शिधा घेऊन पुढच्या गावाला जातात. भाट यायचे नेमके रब्बीच्या पाणीपाळीत, आणि तेव्हा आबा कालव्यावर. निवृत्तीनंतर भाट आमच्या गावाला आलेच नव्हते. जन्मात एकदाही त्यांनी वही ऐकली नव्हती. पण शाळेत असताना एकदा त्यांनी आईजवळ रडून हट्ट धरला होता, की माझं नाव कुठेच का नाही. तेव्हा आजी म्हणाली होती, शाळेत नसलं म्हणून काय झालं, भाटाच्या वहीत तुझं नाव आहे. एवढ्या एका वाक्यावर माणसाने सत्तर वर्षं काढली होती.

"पहिले वहीमा वना दखाड," आबा म्हणाले. "मंग मी अमृत म्हनीसन सही करसू. दाखला बी अमृतना काढजो. मी काही म्हनाव नही."

म्हणजे सौदा साधा होता. माझ्यासमोर एक मरणारा माणूस, सहीची एक कोरी जागा आणि कुठेतरी फिरतीवर असलेली एक वही. मी फोन लावत बसले. सातव्या फोनला पत्ता लागला: आमचे भाट पितांबर यावलच्या बाजूला भाऊबंदांच्या गावात उतरले होते.

गाडी केली आणि चोपड्यावरून गेले. यावलच्या अलीकडे केळीच केळी, घड भरलेले ट्रक रस्ता अडवून उभे. पितांबर भाट एका ओट्यावर चहा पीत बसले होते. सत्तरीचे, पांढरं धोतर, डोळ्यांवर जाड चष्मा. शेजारी लाल कापडात बांधलेली वही, आणि तिच्यावर, मला बरं वाटलं, प्लॅस्टिकचं आवरण.

"वही आपल्या रस्त्याने फिरते, बेन," ते म्हणाले. "कोणी बोलावलं म्हणून पळत नाही. तुमचं गाव माघात."

"माघापर्यंत माणूस राहणार नाही."

"मग माघात त्याचं मरण लिहू."

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच उत्तर दिलं असतं, अगदी याच आवाजात. त्यामुळे भांडायला जमेना. मी विचारलं, मग इथेच उघडून एक नाव तेवढं बघता का? ते म्हणाले, वही त्या घरच्या ओट्यावरच उघडते, कुंकू लावून, घरच्यांच्या समोर. नियम. मी खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला नियम वाकवायला विनवलं. वडिलांना त्यांचं नाव बघायचं आहे, मी म्हटलं, दुसरं काही मागत नाहीत. पितांबर भाटांनी चहा संपवला, कप पालथा ठेवला आणि चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमच्या ओट्यावर वही उघडली. प्रेमराजने आबांची बाज उन्हात आणली होती. आबांनी दाढी करून घेतली होती, टोपी घातली होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे लग्नाला निघाल्यासारखे होते. कुंकू वाहिलं. भाटांनी पानं उलटली आणि लांब सुरात वाचायला सुरुवात केली. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, कोण कुठून कुठे येऊन वसला, कोणाचा वंश खुंटला. पंधरा मिनिटांनी माझ्या आजोबांचं नाव आलं.

"भार्या ताईबाई. पुत्र दोन. अमृत. वना."

आबांनी हात वर केला. थांबा, एवढाच अर्थ. भाट थांबले. आबांनी वहीकडे बोट केलं. भाटांनी वही त्यांच्यासमोर धरली आणि त्या अक्षरांवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं. आबांचं बोट त्या नावावर बराच वेळ राहिलं. प्रेमराज भिंतीकडे बघत होता. मला आतून फार हलकं वाटलं, आणि पेन कुठे ठेवलं ते मी शोधू लागले.

"पुढे वाचा," आबा म्हणाले. भाटांशी ते शुद्धच बोलत होते.

भाटांनी वही परत घेतली, चष्मा सारखा केला, आणि सूर लावता लावता ते थांबले. त्यांनी ती ओळ मनात वाचली, मग आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाचा," मी म्हटलं.

"अमृत हयात," ते साध्या आवाजात म्हणाले. "वना बाळपणी वारला. नोंद संवत दोन हजार आठ. लिहवणार, माता ताईबाई."

गोठ्यात म्हशीने साखळी वाजवली.

प्रेमराज आधी सावरला. ही चूक आहे म्हणाला, खोडा. भाटांनी वहीवर हात ठेवला. वहीत खाडाखोड होत नाही. सांगणाऱ्याने जे सांगितलं ते त्यांच्या वडिलांनी लिहिलं. मी वाकून पाहिलं. अक्षर वळणाचं, अर्धं मला लागेना, पण ताईबाई एवढं स्वच्छ वाचता आलं. खालच्या सगळ्या नोंदी, आबांचं लग्न, प्रेमराजचा जन्म, सगळ्या अमृतच्या नावाखाली. त्याही तिनेच सांगितलेल्या. माझं नाव त्यात नव्हतं, मुलींची लिहीत नाहीत. पण त्या वेळी ते मला बोचलंही नाही.

काय झालं असेल ते मला त्याच क्षणी दिसलं, कारण असली माणसं मी काउंटरच्या पलीकडे सव्वीस वर्षं पाहिली आहेत. संवत दोन हजार आठ म्हणजे एक्कावन्न-बावन्न साल; वना तेव्हा दोन वर्षं अमृत म्हणून शाळेत जात होता. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळेतली गोष्ट उघडी पडेल आणि पोराला घेऊन जातील या धास्तीत ती होती. आणि अशात एक माणूस मोठी वही घेऊन दारात बसला, विचारू लागला, पुत्र किती, हयात किती. तिच्या लेखी भाट काय नि मामलेदार काय, लिहिणारा तो सरकार. तिने घाबरून शाळेतलंच सांगितलं. स्वतःच्या जित्या पोराला, बहुधा ते मागे खेळत असताना, तिने मेलं म्हणून लिहवलं. मग जन्मभर ती दारातून ओरडून त्याला हाक मारत राहिली. मी तिला रीतभात नसलेली समजत होते. त्या ओट्यावर मला माझी लाज वाटली.

"हाई मायनी सांगेल शे?" आबांनी मला विचारलं.

"हो बापू," भाट म्हणाले. "खोडता येत नाही, पण खाली नवीन ओळ लिहिता येते. वना हयात, असं लिहितो. आत्ता लिहितो." त्यांनी दौत पुढे ओढली. माणूस चांगला होता.

आबा छपराकडे बघत पडून राहिले. नाव मिळालं होतं आणि गेलंही होतं. ते रडतील असं मला वाटलं, किंवा वही फेकून देतील. मृत्युपत्राचा विचार तर मी सोडूनच दिला होता.

"दिपा," ते म्हणाले, "अमृत मरना हाई कोठे लिखेल शे?"

मी विचार केला. शाळेत तो पुढच्या वर्गात गेला. वहीत हयात. सरकारात निवृत्त. माझ्या बारा फाइलींत तो कुठेच मेला नव्हता.

"कुठेच नाही, आबा."

"मनासंगे खेळे तो," आबा म्हणाले. "मनी भाकर बी खाई टाके." मग भाटांना म्हणाले, "ओळ नका लिहू. आईनं लिहवलंय ते राहू द्या." आणि माझ्याकडे हात पसरला. "आन तो कागद. मनं तं व्हई गयं. दाखला त्याले दी टाकजो."

मी मृत्युपत्र दिलं. पाठीखाली उशी लावली. आबांनी जन्मभर केली तशी, शाळकरी वळणाची, अमृत अशी सही केली. साक्षीदारांना हाक मारली. भाटांना शिधा दिला. जाताना ते आबांच्या पाया पडले, तसं पडायची त्यांची रीत नाही.

आबा माघातच गेले. यादीप्रमाणे सगळं झालं, माझ्या यादीत चूक नव्हती. ग्रामपंचायतीत फॉर्म मी भरला. मृताचं नाव अमृत. ग्रामसेवक बाहेरगावचे, नवीन, त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, "वय ब्याऐंशी, बरोबर?" बरोबर, मी म्हटलं. त्यातली तीन वर्षं मी कोणाची म्हणून सांगणार होते? दाखला नवव्या दिवशी हातात आला. मी दहा प्रती काढल्या आणि हिरव्या, पिवळ्या, निळ्या फायलींत लावल्या.

दहावा तापीकाठी होता. प्रेमराजने डोकं भादरलेलं, उघड्या अंगाने पाटावर बसलेला. क्रियाकर्माच्या गुरुजींनी दर्भ त्याच्या बोटात घातला आणि विचारलं, "गेलेल्याचं नाव?"

प्रेमराजने माझ्याकडे पाहिलं. सवयीने, कागदाला विचारतात तसं. तिथे ना ग्रामसेवक होता, ना तलाठी.

"वना," मी म्हटलं.

"वना," तो म्हणाला, एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्यांदा दारातून हाक मारावी इतक्या मोठ्याने. मला तिथे रडू फुटलं. दहा दिवसांचं सगळं एकदम आलं, मी आवरलंही नाही.

गुरुजी थांबले, मग पुढचा पिंड उचलू लागले. मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, "गुरुजी, अजून एक पिंड ठेवा. अमृत. यांचा थोरला भाऊ."

"तेही गेले का? कधी?"

"पंचाहत्तर वर्षं झाली," मी म्हटलं. "दाखला कालच मिळाला."